अमेरिकन रोमँटिक लेखक वाचायचेत? मग व्याख्येपासून सुरुवात नको

सगळ्यात आधी 'रोमँटिक' या शब्दाचा रोजचा अर्थ बाजूला ठेवा. आपण तो प्रेमप्रकरणासाठी वापरतो आणि इथे प्रेमप्रकरणं फारशी नाहीतच, इथे आहे जंगल, समुद्र, एकटा माणूस आणि एक प्रश्न, की माणसाने आपल्या आतल्या आवाजावर किती भरवसा ठेवायचा. काळ साधारण १८२० ते १८६०, म्हणजे यादवी युद्धाच्या आधीची अमेरिका.

बऱ्याच जणांचं काय होतं की आधी व्याख्या आणि वैशिष्ट्यं पाठ करतात, मग एकदम मेलव्हिलची 'मोबी डिक' ही देवमाशाच्या शिकारीवरची जाडजूड कादंबरी उघडतात आणि पन्नासाव्या पानाला सोडून देतात. माझंही पहिल्यांदा तेच झालं होतं. नंतर कळलं की हे सगळं एक भांडण म्हणून वाचायचं असतं. एकीकडे एमर्सन, थोरो, व्हिटमन, जे म्हणतात माणूस मुळात चांगला आहे, निसर्गात देव आहे, स्वतःवर विश्वास ठेव. दुसरीकडे हॉथॉर्न, मेलव्हिल, पो, ज्यांना हे इतकं सोपं वाटत नाही. आणि यातले बरेच जण एकमेकांना ओळखत होते बरं का! मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड या छोट्याशा गावात एमर्सन राहायचा, त्याच्याच जमिनीवर थोरोने झोपडी बांधली, हॉथॉर्न लग्नानंतर त्याच गावात एमर्सनच्या आजोबांनी बांधलेल्या घरात भाड्याने राहिला, आणि मेलव्हिलने 'मोबी डिक' अर्पण केलं ते हॉथॉर्नला. हे धागे एका कागदावर काढून पुस्तकात ठेवा, खूप उपयोग होतो.

पहिल्या दिवशी फक्त एवढंच करा. एमर्सनचं 'नेचर' (१८३६) घ्या आणि त्याचं पहिलं प्रकरण वाचा, चार-पाच पानांचं आहे. त्यात तो उघड्या माळावर उभा आहे आणि अचानक त्याचा मीपणा गळून पडतो, तो म्हणतो मी एक पारदर्शक डोळा झालोय, मी कुणीच नाही आणि मला सगळं दिसतंय. हे मोठ्याने वाचा. एमर्सन आधी पाद्री होता, नंतर गावोगाव व्याख्यानं द्यायचा, आणि त्याचे निबंध त्याच्या डायऱ्या आणि व्याख्यानांतून जुळवलेले असायचे, म्हणून एका वाक्याचा पुढच्या वाक्याशी संबंध लागत नाही असं वाटलं तर चूक तुमची नाही. परिच्छेद समजून घ्यायच्या मागे लागू नका, एक वाक्य पकडा जे तुम्हाला लागलंय आणि त्याच्याखाली रेघ मारा.

मग त्याच दिवशी, लगेच, 'मोबी डिक'चं ३५ वं प्रकरण वाचा. फक्त तेवढंच, आधीचं काही माहीत नसलं तरी चालेल. एक स्वप्नाळू तरुण जहाजाच्या डोलकाठीवर, डेकपासून शंभर फूट उंच, पहाऱ्याला उभा आहे, लाटांच्या लयीत तो इतका हरवतो की समुद्र कुठला आणि आपण कुठले हेच त्याला कळेनासं होतं, अगदी एमर्सनसारखं. आणि मेलव्हिल सांगतो की पाय इंचभर जरी सरकला तरी तू खाली समुद्रात, भर दुपारी, कायमचा. मला विचाराल तर ही दोन प्रकरणं लागोपाठ वाचली की ही चळवळ जेवढी कळते तेवढी कुठल्याही नोट्समधून कळत नाही.

पण एमर्सनला भोळा समजून सोडू नका. १८४२ मध्ये त्याचा पाच वर्षांचा मुलगा स्कार्लेट फीव्हरने गेला, त्यानंतरचा त्याचा 'एक्स्पीरियन्स' (१८४४) हा निबंध वाचा. तिथे तोच माणूस लिहितो की दुःखसुद्धा मला आतपर्यंत शिवत नाही, त्यातूनही काही शिकायला मिळत नाही. आठ वर्षांत किती फरक! मला हा निबंध त्याचा सगळ्यात खरा वाटतो.

थोरोचं 'वॉल्डन' (१८५४) मात्र पहिल्या पानापासून वाचू नका. पहिलं प्रकरण सगळ्यात लांब आहे आणि लोक तिथेच थकतात. दुसऱ्यापासून सुरू करा, तो वॉल्डन तळ्याकाठी त्या झोपडीत का राहायला गेला ते तिथे आहे. मग पहिल्याकडे परत या, तेव्हा त्यातला झोपडीचा हिशोब, एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट, रुक्ष वाटणार नाही, कारण तो विचारतोय की एखाद्या वस्तूसाठी आपण आयुष्यातला किती वेळ देऊन बसतो. तो तिथे ४ जुलै १८४५ ला राहायला गेला, दोन वर्षं दोन महिने राहिला, आणि मधेच एकदा चांभाराकडे बूट आणायला गावात गेला असताना कर न भरल्याबद्दल एक रात्र तुरुंगात काढून आला. कर न भरण्यामागे गुलामगिरी आणि मेक्सिकोशी चाललेलं युद्ध होतं, त्यावरचा १८४९ चा निबंध पुढे गांधीजींनीही वाचला. आणि हिवाळ्यातल्या तळ्याचं प्रकरण चुकवू नका, तळ्यातला बर्फ कापून जहाजाने पार भारतापर्यंत विकायला जातोय आणि सकाळी गीता वाचणारा थोरो म्हणतो की वॉल्डनचं पाणी आता गंगेच्या पाण्यात मिसळतंय.

कवितेसाठी आवृत्ती बघून घ्या, हे फार महत्त्वाचं आहे. व्हिटमनचं 'लीव्हज ऑफ ग्रास' त्याने आयुष्यभर वाढवत नेलं, तुम्ही १८५५ ची पहिली आवृत्ती शोधा, फक्त बारा कविता आहेत आणि तोच आवाज सगळ्यात ताजा आहे. एमिली डिकिन्सनचं उलटं. तिने सुमारे १८०० कविता लिहिल्या, जिवंतपणी मोजक्याच छापल्या गेल्या, आणि १८९० मध्ये जो पहिला संग्रह आला त्यात संपादकांनी तिचे डॅश काढले, शब्दही बदलले. फुकट मिळणाऱ्या जुन्या प्रती बहुतेक याच असतात, म्हणून १९५५ किंवा त्यानंतरची आवृत्ती मिळवा, तिचे डॅश म्हणजे तिचा श्वास आहे. बाकीचे बहुतेक लेखक प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट आहेत.

हॉथॉर्नसाठी आधी 'यंग गुडमन ब्राऊन' ही छोटी गोष्ट, मग 'द स्कार्लेट लेटर'. त्याचा एक पूर्वज १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच सेलम गावात झालेल्या चेटूक खटल्यांत न्यायाधीश होता आणि ते ओझं त्याच्या लिखाणात सतत जाणवतं. पोची 'द टेल-टेल हार्ट' वाचा, पाच-सहा पानं, आतल्या आवाजावर विश्वास ठेवला आणि तो आवाजच वेडा निघाला तर काय, ते कळेल.

आणि फ्रेडरिक डग्लसचं १८४५ चं आत्मकथन या यादीत घालाच. स्वतः गुलामीतून पळून आलेला माणूस स्वातंत्र्यावर लिहितो तेव्हा स्वावलंबन हा शब्द तळ्याकाठच्या शांततेपेक्षा फार वेगळा ऐकू येतो. मार्गारेट फुलरचं 'वुमन इन द नाइन्टीन्थ सेंच्युरी' पण त्याच वर्षीचं, दोन्ही शेजारी ठेवून वाचा, स्वतःवर भरवसा ठेव हे वाक्य नेमकं कोणाला उद्देशून होतं हा प्रश्न आपोआप पडतो.

हे सगळं झालं की मग पूर्ण 'मोबी डिक'. १३५ प्रकरणं आहेत, बहुतेक छोटी, दिवसाला दोन वाचली तरी सव्वादोन महिन्यांत होतं. देवमाशांच्या जातींवरचं ३२ वं प्रकरण जड गेलं तर नुसतं चाळा, पण ३६ वं आणि पांढऱ्या रंगाच्या भीतीवरचं ४२ वं सावकाश वाचा, आणि ३५ वं परत एकदा, कारण आता डोलकाठीवरचा तो पोरगा तुमच्या ओळखीचा झालेला असेल.