शेकाट्या आणि पानफुटी: तुलना पाण्यावरून करा

पक्षी आणि वनस्पतीची तुलना म्हटली की मुलं ‘एक उडतो, एक उगवते’ लिहून मोकळी होतात. त्यापेक्षा दोघांना एकच प्रश्न विचारा: पाण्याचं काय करतोस? लांब पायांचा शेकाट्या मुख्यतः उथळ पाण्यात पोट भरतो. पानफुटी पानात पाणी साठवून उन्हाळा काढते.

पानफुटीचा प्रयोग घरी होतो. उन्हातल्या कुंडीतलं जुनं, जाड पान सूर्योदयाआधी तोडा. 5 ग्रॅम पान वाटून 10 मिली आरओचं पाणी घाला आणि लगेच पीएच कागद बुडवा. त्याच झाडाच्या तेवढ्याच पानावर सूर्यास्ताआधी हेच करा. सकाळचा रस जास्त आंबट निघेल. पानफुटी रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात ठेवते. दिवसा रंध्रं मिटून ते वापरते, म्हणून पाणी कमी उडतं. वनस्पतींचे अभ्यासक बेंजामिन हाइन यांनी भारतात चव घेऊनच हा फरक टिपला. त्यांची नोंद 1815 मध्ये छापली गेली. तुम्ही मात्र चाखू नका, पान विषारी आहे.

फरक दिसला नाही तर आधी पाणी तपासा. आपल्याकडचं बोअरचं जड पाणी आम्ल मारून टाकतं. कोवळं पान किंवा दिवसभराचं ढगाळ हवामान हीही कारणं असतात.

शेकाट्यासाठी पैठणला नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) काठी, पाणी ओसरून गाळ उघडा पडला की सकाळी जा. 8×42 दुर्बीण पुरे. लाल पाय मध्येच मागे वाकतो, तो गुडघा नव्हे, घोटा. गुडघा पोटाच्या पिसांत झाकलेला असतो. घोट्यापर्यंत पाणी म्हणजे खोली 10 सेंटिमीटरच्या थोडी वर. दर मिनिटाला पाणी कुठवर आहे आणि चोच किती वेळा मारली, हे अर्धा तास लिहा. पाण्यात पक्ष्याचं प्रतिबिंब हलत असलं की चोची दोनदा मोजल्या जातात, म्हणून सूर्य पाठीशी ठेवा.

उन्हाळ्यात शेकाट्या काठालगत जमिनीवरच अंडी घालतो आणि पोटाची पिसं भिजवून आणून ती गार ठेवतो. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत ‘किक-किक’ ओरडू लागले की आल्या वाटेनं, पायाखाली बघत मागे फिरा. अंडी उन्हात उघडी पडलेली असतात.