टाइपरायटरशी लग्न

ठाण्यात कोर्ट नाक्यावर मी एकवीस वर्षं टायपिंग केलं. ॲफिडेव्हिट, भाडेकरार, तीन-तीन कार्बन घालून. मशीनने रिबन अनेकदा गिळली, पण लग्नाचं कधी काढलं नाही. म्हणून १८९०च्या सुमाराच्या अमेरिकन पेपरांत मालकाने 'आपल्या टाइपरायटरशी' लग्न केल्याचे विनोद दिसले तेव्हा मी चक्रावलेच.

रेमिंग्टन कंपनीचं यंत्र १८७४मध्ये विक्रीला आलं. पुढच्या दशकात ते चालवणाऱ्या माणसालाही टाइपरायटरच म्हणू लागले, आणि ती बहुधा बाई असे. आपण स्टेशनबाहेर "ए रिक्षा, वर्तकनगर?" म्हणून ओरडतो ते काय तीन चाकांना?

असा एखादा शब्द तुम्हालाही पकडायचा असेल तर 'क्रॉनिकलिंग अमेरिका' उघडा. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा जुन्या पेपरांचा हा साठा फुकट आहे. नुसता शब्द टाकलात तर मशीनच्या जाहिरातींखाली गाडले जाल. आधी वर्षं आवळा, १८८५ ते १८९५ पुरे. मग शब्दाला माणसाची शेपूट जोडा: 'यंग लेडी टाइपरायटर', इंग्रजी स्पेलिंगमध्ये, अवतरणचिन्हांत. स्पेलिंग तीन तऱ्हेने घालून बघा: जोडून, तोडून, मध्ये आडवी रेघ देऊन. शाई पुसट असेल तिथे कॉम्प्युटर भलतंच वाचतो, तेव्हा त्याने काढलेल्या मजकुरावर विसंबू नका, पानाचं चित्रच मोठं करून बघा.

खरा माल बातम्यांत कमी, छोट्या जाहिरातींत जास्त. पण तिथेच मी फसले. 'टाइपरायटर पाहिजे' एवढं वाचून खूश झाले, वहीत टिपूनही घेतलं. नंतर नजर वर गेली तर मथळा जुन्या वस्तूंच्या खरेदीचा! म्हणजे बिचाऱ्याला मशीनच हवं होतं. तेव्हापासून आधी रकान्याचा मथळा बघते, मग जाहिरात शेवटच्या शब्दापर्यंत वाचते. आठवड्याचा पगार, शॉर्टहँड, हस्ताक्षरात अर्ज करा, असलं काही असेल तर माणूस. मेकचं नाव आणि 'चांगल्या स्थितीत' असेल तर यंत्र. दोन्हीकडे ओढता येईल अशी जाहिरात सरळ सोडून द्या, मोह होतो तरी.

विनोद मोजताना एक गोम आहे. तोच चुटका कॅन्ससमध्ये, तोच ओहायोत. १७९२च्या टपाल कायद्याने संपादकांना एकमेकांना पेपर फुकट धाडायची मुभा होती, त्यामुळे उचलेगिरीची सवय जुनीच. पुढे तर तयार मजकुराचे ठसेच गावोगावी विकत मिळू लागले. वीस पेपरांत दिसला तरी चुटका एकच धरा.

वहीत पेपरचं नाव, तारीख, पान, रकाना, चारही लिहा. मी रकाना लिहायचा आळस केला आणि एका ओळीसाठी अख्खी दुपार गेली. सापडलेली सर्वांत जुनी तारीख म्हणजे शब्दाचा जन्म असं मात्र धरू नका, तो त्याआधी लोकांच्या तोंडात असतोच.

हात बसला की 'कॉम्प्युटर' घ्या. २ मे १८९२च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये वॉशिंग्टनची बातमी आहे, नॉटिकल अल्मनॅकच्या, म्हणजे जहाजांना लागणाऱ्या ग्रहताऱ्यांच्या पंचांगाच्या, ऑफिसला कॉम्प्युटर हवेत, त्यासाठी परीक्षा आहे. विषयांत बीजगणित आहे, खगोलशास्त्रही.