नागपुरात बसून समुद्राची वाळू सरकवायची तर

‘परातीत वाळू-पाणी घ्या, हाताने हलवा, झाला समुद्रकिनारा.’ विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की हा सल्ला कुणीतरी देतोच. ऐकू नका. गोल परातीत लाट चहूकडून उलटते आणि मधे नुसता काला होतो.

लाटा वाळूला किनाऱ्याच्या कडेने कशा सरकवतात ते दाखवायचं, तर तीन फूट बाय दोन फुटांचा ट्रे घ्या. कन्हान नदीची बारीक वाळू चाळून, पाणी नितळ येईस्तोवर धुवा. पहिल्या वर्षी मी धुतली नव्हती. परीक्षक आले तेव्हा ट्रेमध्ये चहा होता. लांब बाजूला वाळूचा उतार करा, अर्ध्या उतारापर्यंत पाणी भरा.

आता लाट. इथे माझी दोन वर्षं गेली. लाकडी पट्टी मी किनाऱ्याला समांतर धरून दाबायचो. वाळू वर जायची, खाली यायची, जागेवरच. पट्टी तिरकी धरायची असते, किनाऱ्याशी तीसेक अंशात. मग लाट तिरकी चढते, पण परतताना पाणी उताराने सरळ खाली येतं. दर लाटेला कण थोडा बाजूला सरकतो, नागमोडी. खात्री करायची असेल तर विटेचा लाल चुरा चिमूटभर पाण्याच्या कडेला टाका आणि पाच-सात मिनिटं नजर ठेवा.

जोर लावायचा नाही. पोट्ट्यांना लगेच सुनामी आणायची असते. मोठ्या लाटा वाळू ओरबाडून खोल पाण्यात नेतात आणि किनारा उरतच नाही. बोटभर दाबा, सेकंदाला एकदा, तीच लय. लाट जिकडे जाते त्या भिंतीशी गिट्टीचा उतरता ढीग लावा, नाहीतर ती आपटून परत येते आणि केलेलं सगळं पुसते.

लाल चुरा सरकला की कंपासपेटी किनाऱ्यावरून पाण्यात आडवी रोवा. लाटेच्या बाजूला वाळू साचेल, पलीकडे किनारा खचेल. चेन्नईत बंदर बांधल्यावर हेच झालं: तिथे वाळूची एकूण वाटचाल उत्तरेकडे, म्हणून बंदराच्या दक्षिणेला मरीना किनारा रुंदावला आणि उत्तरेला रोयापुरमकडे समुद्र आत घुसला.

भरती-ओहोटी सोपी: लाटा चालू ठेवून मगाने पाणी वाढवा, नळीने काढा. लाटांचा मार कोणत्या पट्ट्यावर बसायचा ते पाण्याची पातळी ठरवते. खऱ्या दोन भरत्यांत सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, तेवढं कुणी थांबत नाही. खंबातच्या आखातात भावनगरकडे पाणी दहा मीटरच्या आसपास चढ-उतार करतं. तुम्हाला दोन बोटं पुरेत.

आवरताना वाळू मोरीत ओतू नका, कुंडीत टाका. आमची मोरी दोनदा उघडावी लागली.