अँबॅसिडरची टकटक आणि आठ रॉकर

बाबांची अँबॅसिडर १९८६ची, मार्क ४, पेट्रोल. जोतिबा, नरसोबाची वाडी, पंढरपूर, लग्नाची वऱ्हाडं, सगळं त्या गाडीनं केलं. बाबांनंतर ती माझ्याकडे आली, आणि तिच्यासोबत बॉनेटखालची टकटकही आली. मी शाळेत गणित शिकवायचे. हाताला खडूची सवय, पान्याची नाही. पण टकटक थांबेना म्हणून बाबांच्या जुन्या मिस्त्रींकडे बसून बसून रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे छोटे हात, काढून दुरुस्त करायचं हे काम शिकले. आतापर्यंत दोनदा केलंय. पहिल्यांदा चुकत-माकत, दुसऱ्यांदा नीट.

मी लिहितेय ते जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाबद्दल. मूळ बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, मॉरिस ऑक्सफर्डमध्येही असलेलं. नंतरच्या गाड्यांत इसुझूचं १८०० सीसी इंजिन बसवलं, त्याला यातलं काही लागू नाही. बॉनेट उघडून आधी आपलं इंजिन कोणतं ते पाहा.

आता टकटकीचं. ‘टॅपेट वाजतंय, टाइट करा’ हे गॅरेजमध्ये सगळ्यात पटकन मिळणारं उत्तर. गॅरेजच्या भाषेत टॅपेट म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, ती रॉकरवरच्या स्क्रूनं कमी-जास्त होते. माझ्या गाडीचं टॅपेट सेटिंग दोन वर्षांत तीनदा झालं. दर वेळी आठ दिवस बरं, मग पुन्हा शिलाई मशीन सुरू. शेवटी मिस्त्रींनी एक रॉकर उलटा करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बाई, नखानं बघा.” रॉकरचं टोक जिथे व्हॉल्व्हच्या दांड्यावर आपटतं, तिथे बारीक खळगा पडला होता. नख अडकत होतं.

सगळी गोम त्या खळग्यात होती. फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, पट्टी सपाट असते. ती खळग्यात उतरत नाही, त्याच्या दोन्ही काठांवर पुलासारखी टेकते. तुम्हाला वाटतं फट बरोबर आहे, पण व्हॉल्व्हचा दांडा खळग्यात बसतो, त्यामुळे खरी फट खळग्याच्या खोलीइतकी जास्तच राहते. मग कुणीतरी वैतागून आणखी टाइट करतो. तो जास्त मोठा घोटाळा. टॅपेट ढिलं असलं तर वाजतं, टाइट असलं तर गप्प बसतं आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटू देत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटून सीटला टेकतो तेव्हाच त्याची बरीचशी उष्णता हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, जाते. टेकलाच नाही तर जळतो. वाजणारं टॅपेट परवडलं, गप्प जळणारं नाही.

कोणता रॉकर वाजतोय हे शोधायला टॅपेट कव्हर काढून इंजिन आयडलवर ठेवा आणि रॉकर व व्हॉल्व्हच्या मध्ये पट्टी सरकवा. आवाज दबला की तोच गुन्हेगार. तेल थोडं उडतं, जुनी साडी नेसा किंवा शर्ट घाला. रॉकर हातानं आडवा डुलवूनही पाहा. शाफ्टवर, म्हणजे सगळे रॉकर ज्या दांड्यात ओवलेत त्यावर, खुळखुळत असेल तर बुश, म्हणजे रॉकरच्या भोकातलं अस्तर, गेलाय.

आता या इंजिनाची खोड. रॉकर शाफ्ट चार स्टँडवर बसतो. प्रत्येक स्टँडला दोन नट आहेत, आणि त्यातला मोठा नट नुसता स्टँडचा नाही. तो हेडचाही नट आहे. म्हणजे शाफ्ट काढायला ते चार खोलले की हेडची एक अख्खी बाजू मोकळी आणि दुसरी आवळलेली. हेड तिरकं ओढलं जातं, हेडखालचं गॅसकेट सुटतं, पाणी सिलिंडरमध्ये किंवा तेलात उतरतं. पहिल्यांदा मला हे माहीत नव्हतं. एका ओळखीच्या माणसानं फोनवर “चार नट खोला, शाफ्ट वर येईल” असं सांगितलं होतं. शाफ्ट आला वर. चार दिवसांनी डिपस्टिकवर चहाच्या रंगाचं तेलही आलं. हेड उतरवावं लागलं, तेल बदललं, रविवार गेले ते वेगळेच.

म्हणून क्रम असा. इंजिन रात्रभर गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा. रेडिएटरचा आणि ब्लॉकचा, दोन्ही कॉक उघडून पाणी पूर्ण सोडा. एअर फिल्टर आणि नळ्या बाजूला करा. टॅपेट कव्हर दोन नटांवर असतं, त्यांच्याखालचे रबरी वायसर हरवू नका. चारही प्लग काढून ठेवा, पुढे इंजिन हातानं फिरवायला सोपं जातं. पाने सुती लागतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग): हेडच्या नटांना साडेचार सुती, स्टँडच्या छोट्या नटांना चार सुती. मिलिमीटरचा १४चा पाना साडेचार सुतीवर ‘बसतोय की’ असं वाटतं. बसत नाही. कडा खातो.

आठही टॅपेट स्क्रू ढिले करा, म्हणजे स्प्रिंगांचा जोर उतरतो. मग हेडचे सगळे नट, स्टँडवरचे आणि बाहेरचे, कडेकडून मध्याकडे येत, प्रत्येकी थोडे थोडे सोडा. एका फेरीत पाव आटा. दोन-तीन फेऱ्यांनंतरच मोकळे करा. त्यानंतर स्टँडचे छोटे नट. शाफ्ट स्टँडसकट सरळ वर उचला. वाकडा उचलला तर पुशरॉड, म्हणजे रॉकरला खालून ढकलणारे उभे दांडे, सोबत येतात.

पुशरॉडबद्दल थोडं थांबून सांगते. ते काढायचेच असतील तर एकेक रॉड जागीच गोल फिरवत फिरवत वर ओढा. खाली ब्लॉकमध्ये टॅपेट असतो (इथे फट नव्हे, रॉड ज्यावर टेकतो तो सुटा भाग). त्याच्या वाटीत तेल असतं, रॉड त्याला चिकटून बसतो. झटक्यानं ओढला तर टॅपेट आपल्या भोकातून वर येतो आणि आडवा पडतो. तो परत बसवायला ब्लॉकच्या बाजूची झाकणं उघडावी लागतात, आणि ती झाकणं मॅनिफोल्डच्या मागे आहेत. म्हणजे दहा मिनिटांचं काम दिवसभराचं. काढलेले रॉड पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून, आकडे घालून, क्रमानं खोचा. मी मुलांच्या वह्यांच्या गठ्ठ्यातला पुठ्ठा वापरला. प्रत्येक रॉड काचेवर लोळवून बघा, डुचमळला तर वाकलाय.

शाफ्ट टेबलावर घेतल्यावर आधी फोटो काढा. टोकाची कॉटर पिन, वायसर, स्प्रिंग, रॉकर, स्टँड, सगळं ज्या क्रमानं निघेल त्या क्रमानं जुन्या वर्तमानपत्रावर मांडा. एका स्टँडला शाफ्ट अडकवणारा बारीक स्क्रू आणि लॉक प्लेट आहे. तो काढल्याशिवाय शाफ्ट सरकणार नाही, हातोडी मारू नका. एका स्टँडमधून तेलाची वाट वर येते, म्हणून स्टँडची अदलाबदल नको.

शाफ्ट डिझेलनं धुवा आणि बोट खालच्या बाजूनं फिरवा. वरून तो आरशासारखा असतो, म्हणून लोक फसतात. पुशरॉड एकीकडून आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग दुसरीकडून, दोघंही रॉकरला वरच ढकलतात, त्यामुळे शाफ्ट झिजतो तो खालून. पायऱ्या लागल्या तर शाफ्ट नवा. नवे बुश आणि जुना पायऱ्यांचा शाफ्ट ही जोडी सहा महिन्यांत पुन्हा खुळखुळते. तेलाची भोकंही त्याच कारणानं खालच्या अंगाला असतात. तार घालून प्रत्येक भोक मोकळं करा. माझ्या शाफ्टमध्ये मागच्या दोन भोकांत काळा गाळ इतका घट्ट होता की सुईनं खरवडावा लागला. टकटकीचं मूळ तिथेच होतं, तेल पोचतच नव्हतं.

रॉकर नवे घ्यायचे की जुन्यांना बुश मारायचे? टोकाला खळगा असेल तर नवाच घ्या. खळगा घासून सपाट करणारे भेटतील, पण टोकावरचा कडक थर पातळ असतो, तो घासला की खालचं मऊ लोखंड बघता बघता खड्ड्यात जातं. टोक चांगलं आणि फक्त बुश गेला असेल तर बुश बदलता येतो, पण घडीव रॉकरचाच. पत्र्याचे दाबलेले रॉकर असतील तर तो नाद सोडा. माझे आठपैकी तीन नवे आले आणि पाचांना कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बुश बसवले. लेथवाल्याला तीन गोष्टी सांगा: शाफ्ट सोबत देतेय, त्यावर बसवून रीमर मारा (म्हणजे बुशचं भोक मापात करा), बुशमधलं तेलाचं भोक रॉकरच्या भोकाशी जुळवा, आणि रॉकर स्वतःच्या वजनानं शाफ्टवर फिरला पाहिजे, पण हलला नाही पाहिजे. दुसरी गोष्ट, तेलाच्या भोकाची, दोनदा सांगा. आमच्या लेथवाल्यानं पहिल्या रॉकरला भोक पाडलंच नव्हतं. घरी आणून तेल सोडून पाहिलं म्हणून कळलं.

जोडताना शाफ्टला भरपूर इंजिन ऑइल लावा. भोकं खाली. लॉक स्क्रू आणि प्लेट आठवणीनं. कॉटर पिना नव्या. टॅपेट स्क्रू पूर्ण मागे घेतलेले असू द्या आणि शाफ्ट ठेवल्यावर आठही स्क्रूंचे गोळे पुशरॉडच्या वाट्यांत बसलेत का हे बोटानं तपासा. एक जरी काठावर राहिला तर आवळताना रॉड वाकतो. मग हेडचे नट मध्यापासून बाहेर जात, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं, तुमच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंत. स्टँडच्या छोट्या नटांचा आकडा वेगळा आणि कमी आहे. टॉर्क पाना नसेल तर भाड्यानं आणा. “हाताला कळतं” हे मिस्त्रींच्या हाताबद्दल खरं आहे, माझ्या नाही. हेड उचललेलंच नाही, नुसते नट ढिले करून परत आवळले, तर जुनं गॅसकेट बहुधा चालून जातं. तरी मी एक नवं गॅसकेट आणून ठेवते.

आता माझा आवडता भाग, टॅपेट सेटिंग. रेडिएटरकडून व्हॉल्व्ह १ ते ८ मोजा. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला, म्हणजे सगळ्यात खाली दाबलेला दिसेल, त्याचा आकडा ९ मधून वजा करा. येणाऱ्या आकड्याचं टॅपेट सेट करा. ८ उघडा असेल तर १, ६ असेल तर ३. मिस्त्रींना हे पाठ होतं, कारण माहीत नव्हतं. मी वहीत मांडून पाहिलं. फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-४-२. पिस्टन १ आणि ४ एकत्र वरखाली, २ आणि ३ एकत्र, पण जोडीतला एक दुसऱ्याच्या मागे, क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) पूर्ण एका फेऱ्यानं. कॅम, म्हणजे पुशरॉडना वर ढकलणारा उंचवट्यांचा दांडा, क्रँकच्या निम्म्या गतीनं फिरतो, म्हणजे कॅमवर तो फरक अर्धा फेरा. हेडमध्ये व्हॉल्व्हची रांग आरशातल्यासारखी आहे: एक्झॉस्ट, इनटेक, इनटेक, एक्झॉस्ट, आणि तेच पुन्हा. त्यामुळे बेरीज ९ येणारी प्रत्येक जोडी बरोबर एकमेकांच्या समोर पडते. एक कॅमच्या शेंड्यावर, तेव्हा दुसरा पार पाठीवर. दहावीच्या वर्गाला मी हे फळ्यावर दाखवलं होतं. दोन पोरं सोडून कुणाला आवडलं नाही.

बंपरमधून हँडल घालून इंजिन फिरवा. उघडे व्हॉल्व्ह या क्रमानं येतात: ८, ६, ४, ७, १, ३, ५, २. हाच क्रम धरला तर हँडलचे दोनच फेरे लागतात. माझ्या पुस्तकात फट ०.०१५ इंच आहे, मिस्त्रींच्या भाषेत पंधरा थाऊ, इनटेक-एक्झॉस्ट दोन्हीला तीच. तुमचं पुस्तक बघा आणि आकडा गरम इंजिनाचा की गार इंजिनाचा तेही वाचा. लॉक नट ढिला करा, पट्टी घाला, स्क्रू फिरवा. पट्टी किंचित चिकटत सरकली पाहिजे, लोण्यातून सुरी ओढल्यासारखी. मग पेचकसानं स्क्रू जागेवर धरून लॉक नट आवळा आणि पट्टी पुन्हा घाला. आवळताना फट हमखास बदलते. नवशिक्याचं सेटिंग बिघडतं ते इथेच.

पाणी भरा. बॅटरी जोडा, पण प्लग अजून लावू नका आणि कॉइलची वायर काढून ठेवा. थोडा थोडा सेल्फ मारा आणि आठही रॉकरवर तेल येतं का पाहा. एकही कोरडा राहिला तर गाडी चालू करायची नाही, शाफ्ट परत वर. तेल आलं की प्लग लावा, गाडी सुरू करा, गरम होऊ द्या, पाण्याची पातळी आणि गळती बघा. साधारण ५०० किलोमीटरनंतर गार इंजिनावर हेडचे नट आणि टॅपेट दोन्ही पुन्हा तपासा. हेडचे नट आवळले की फट बदलते, म्हणून आधी नट, मग टॅपेट.

टॅपेट कव्हरला नवं कॉर्क पॅकिंग लावा. बसायच्या जागा आधी कापडानं कोरड्या पुसा. वरचे दोन नट जेमतेम आवळा. तेल पाझरतंय म्हणून लोक ते आणखी पिळतात, पत्र्याचं कव्हर मधे दबतं, कडेनं उचलतं आणि जास्तच पाझरतं. बाबांचं कव्हर तसंच दबलेलं होतं. फळीवर पालथं घालून लाकडी हातोडीनं मी ते सरळ केलं.