मुलीला लांबच्या बोर्डिंगला घालताय? आधी हे बघा

गोव्यातून पंचगणीला रस्त्याने एका दिवसात पोचता येतं, पोर तापाने फणफणली तरी धावता येतं, डेहराडूनच्या वेल्हम किंवा जयपूरच्या गायत्री देवी स्कूलचं तसं नाही, म्हणून अंतराचा विचार आधी करा. मग हॉस्टेल प्रत्यक्ष बघा, शक्यतो पावसाळ्यातच, कारण पंचगणीच्या पावसात कपडे कुठे वाळतात, गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, रात्री नर्स असते का हे ब्रोशरमध्ये कळत नाही. टीचर बाजूला नसताना तिथल्या मुलींशी बोला, घरी फोन कधी लावायला देतात ते त्यांनाच विचारा. आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सुट्टी मिळते का ते नक्की विचारा, आमच्या पोरींना तेव्हाच घर सगळ्यात जास्त आठवतं.