ओहमचा नियम : आधी डोळ्यांना, मग कानांना
ओहमचा नियम शिकवताना वर्गातील काही मुले V = IR (विभवांतर = धारा × रोध) हे सूत्र पाठ करतात, तर काहींना वाचनच जड जाते. अशा मिश्र वर्गासाठी कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाच्या ‘फेट’ (PhET) प्रकल्पातील या नियमाचे मोफत सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरील आभासी प्रयोग, वापरावे. ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते, आणि आपल्याकडील शाळांत हा गुण लहान नव्हे.

सुरुवातीला विभवांतर ४.५ व्होल्ट आणि रोध ५०० ओहम ठेवावा. धारा ९ मिलिअँपिअर दिसेल. आता रोध २५० ओहमपर्यंत उतरवण्यापूर्वी धारेचे काय होईल, याचा अंदाज प्रत्येकाकडून घ्यावा. ज्याला लिहिता येत नाही त्याने तो बोटांनी वर-खाली दाखवावा. रोध उतरताच पडद्यावरील सूत्रातील धारेचे अक्षर I मोठे होते आणि आकडा १८ वर जातो, त्यामुळे व्यस्त संबंध शब्दांआधी डोळ्यांना कळतो. दृष्टिबाधित विद्यार्थ्यासाठी आवाज सुरू ठेवावा, पण शेजाऱ्याने प्रत्येक बदल मराठीत सांगावा, कारण निव्वळ ध्वनीवरून आकडा समजत नाही. त्यानंतर खरा सेल आणि बल्ब हाती द्यायला विसरू नये.