ड्रेसिंग झालं, पण पुढच्या शिफ्टला काय कळलं? जखमेच्या नोंदीतल्या या चुका टाळा

केसपेपरवर लिहिलेलं असतं : 'ड्रेसिंग केले. जखम ठीक.' रात्री पट्टी भिजते, सिस्टर ती सोडते आणि आत पिवळसर थर दिसतो. हा कालही होता की आजच आला? नोंदीवरून काहीच कळत नाही. मग विनाकारण स्वॅब (जखमेतल्या जंतूंच्या तपासणीचा नमुना) जातो, अँटिबायोटिक बदलतं, किंवा खरोखर बिघडत चाललेली जखम दोन दिवस तशीच राहते.

'मोठी', 'थोडी खोल', 'लिंबाएवढी'
प्रत्येकाचं लिंबू वेगळं. डोक्याकडून पायाकडे सर्वांत जास्त लांबी घ्या, तिला काटकोनात रुंदी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. खोलीसाठी निर्जंतुक स्वॅब स्टिक सलाइनने ओली करून तळाला हलकेच टेकवा, कातडीच्या पातळीवर चिमटीत धरा आणि बाहेर काढून मोजपट्टीवर मोजा. कडेखालची पोकळी घड्याळाच्या काट्यांनी सांगा. १२ म्हणजे रुग्णाचं डोकं. रुग्ण दर वेळी त्याच कुशीवर हवा. कूस बदलली की माकडहाडावरच्या जखमेचा आकार ताणला जातो आणि जखम वाढल्याचा भास होतो.

बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची, पूर्ण नोंद अशी दिसते (सेक्रम म्हणजे माकडहाडाच्या वरचं हाड, स्टेज ४ म्हणजे स्नायू किंवा हाडापर्यंत गेलेली जखम, स्लफ म्हणजे मेलेल्या ऊतकाचा पिवळसर थर, गॉज म्हणजे जाळीदार कापड) : 'सेक्रम, स्टेज ४. डाव्या कुशीवर ५ × ४ × १.५ सेंमी. २ ते ५ वाजता कडेखाली २ सेंमी पोकळी. तळ ७० टक्के लाल, ३० टक्के स्लफ. स्राव मध्यम, धुतल्यावर वास नाही. आत १ रोलर गॉज, टोक बाहेर.'

शेवटचं वाक्य गाळू नका. आत किती गॉज ठेवले हे लिहिलं नाही, तर पुढची सिस्टर एक काढते आणि दुसरा आत कुजत राहतो. शक्यतो गॉजची एकच लांब पट्टी वापरा आणि ती सैल भरा. दाबून कोंबलेला गॉज रक्तपुरवठा अडवतो आणि स्रावही बाहेर येऊ देत नाही.

पिवळं दिसलं की 'पू आहे'
पू वाहतो, स्लफ तळाला चिकटून राहतो. पांढरट, चकाकणारं, धाग्यांसारखं आणि बोट हलवल्यावर सरकणारं काही दिसलं तर तो टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) असू शकतो; त्याला कात्री लावू नका, ओलसर झाकून डॉक्टरांना दाखवा. हायड्रोकोलॉइड (स्राव शोषून जेल होणारं ड्रेसिंग) काढल्यावर पिवळं, वासाचं जेल निघतं, तेही पुष्कळदा पू समजलं जातं. म्हणून आधी धुवा, मग वास आणि रंग लिहा. स्वॅबही धुतल्यानंतरच : स्वच्छ लाल भागावर सुमारे १ चौरस सेंमी जागेत, आतला द्रव वर येईल इतका दाब देत ५ सेकंद फिरवा. स्लफवरून घेतलेला स्वॅब वरवरचेच जंतू दाखवतो.

बेडसोरची स्टेज 'उतरवणं'
स्टेज ४ भरत आली म्हणून ३ लिहू नका. गेलेला स्नायू आणि चरबी परत येत नाही, तिथे व्रणाचं ऊतक भरतं आणि ती जागा पुढेही कमकुवतच राहते. 'स्टेज ४, भरत आहे' असं लिहा. सुरुवातीच्या बेडसोरबद्दल एक गोष्ट विशेष जपायला हवी. पुस्तकातला लालसरपणा गोऱ्या कातडीवरचा आहे. सावळ्या अंगावर तो सहज दिसत नाही, म्हणून हाताने पाहा : आजूबाजूपेक्षा गरम, थंड, कडक किंवा मऊ लागतं का, दुखतं का. स्पंज देणाऱ्या मावशींना हे आधी जाणवतं. त्यांना काय पाहायचं ते शिकवा आणि त्यांनी सांगितलेलं नोंदीत घ्या.

टाचेवरची काळी खपली कोरडी, घट्ट, आजूबाजूला लाली किंवा मऊपणा नसलेली असेल तर ती भिजवू नका, सोलूही नका. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी ठेवा. 'खपली तशीच ठेवायची आहे' हे ठळक लिहा, नाहीतर पुढचं कोणी चांगल्या हेतूनेच ती काढतं.

भरणाऱ्या जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड
फेस येतो म्हणून ते साफ करतंय असं वाटतं, पण नव्या पेशीही मरतात. खोल, बंद पोकळीत तर ते घालूच नये. त्यातला ऑक्सिजन रक्तात शिरू शकतो. ०.९ टक्के सलाइन, ३० ते ३५ मिलीची सिरिंज आणि १८ किंवा १९ गेज कॅन्युलाची सुई काढलेली नळी, एवढ्यात पुरेसा दाब मिळतो. चिकटलेला गॉज ओढू नका, सलाइनने ५ मिनिटं भिजू द्या. सलाइनच्या बाटलीवर उघडल्याची तारीख-वेळ लिहा आणि २४ तासांनंतर ती टाकून द्या.

वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो
फोटो उपयोगी असतो, पण रुग्णाची संमती घेऊन, जखमेशेजारी कागदी मोजपट्टी ठेवून, चेहरा आणि नाव टाळून. तो रुग्णाच्या नोंदीत जावा. खासगी फोनमध्ये राहू नये.

ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टकडे रुग्ण सोपवताना, खाटेजवळ उभं राहूनच द्या आणि तीन गोष्टी तोंडी सांगा : पुढचं ड्रेसिंग कधी, आत काय आहे, आणि काय दिसलं तर वेळेआधी पट्टी सोडायची. पट्टीच्या कडेपर्यंत स्राव आला, ताप चढला किंवा दुखणं अचानक वाढलं, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता.